नाटकात घातलेला रुमाल

मी, बेकबोलोत किझी कनिशाय, म्हणजे दिवंगत बेकबोलोत यांची थोरली मुलगी, वय सव्वीस, काम नाटकमंडळीत, राहणार तेरेक-साय, प्रांत नारीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ग्रामकार्यालयातून आणलेल्या नमुन्यात या जागी 'शांत चित्ताने' असे शब्द आहेत. माझे चित्त गेल्या रविवारपासून शांत नाही, म्हणून ते शब्द मी घेतलेले नाहीत. आज वार कोणता, घरात काय शिजले, माझ्या नावावर काय आहे आणि काय नाही, हे मला नीट सांगता येते. मला कोणी धाक घातलेला नाही. "मृत्युपत्र लिहून जा" असे आई रागाने म्हणाली होती, पण तिने रागाने सांगितलेले काम मी विचार करून करते आहे. एवढ्यावरून मला भानावर असलेली समजावे.

कलम १. मी अविवाहित आहे. हे वाक्य आधी घेतले, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे. आक-बुलुन गावच्या सालिका आपा मला आपली नातसून म्हणतात. त्यांचा नातू कुबात माझा नवरा नाही. आमचा निकाह झालेला नाही, सरकारदरबारी नोंद नाही, आणि त्या रविवारपूर्वी मी त्याला पाहिलेलेही नव्हते. मी मेल्यावर कोणीही रुमाल दाखवून किंवा फोनमधले चित्रण दाखवून मला त्या घरची सून म्हणू नये.

कलम २. मृत्युपत्रात हकिगत लिहीत नाहीत, असे ग्रामकार्यालयातल्या बाई म्हणाल्या. पण हकिगत लिहिली नाही तर पहिले कलम खोटे वाटेल. मला अक्षर ओळखायला वडिलांनी शिकवले, उन्हाळी कुरणावर, मेंढरांच्या मागे चालता चालता. शाळा पुढे आली. आधी खरे वाक्य लिही, मग वाटले तर चांगले कर, असे ते म्हणत. म्हणून जसे झाले तसे लिहिते.

आमची मंडळी सहा जणांची. एरमेक बाइके आमचे म्होरके; वयाने मोठ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो. 'उंबरा' नावाचे छोटे नाटक आम्ही गावोगावच्या संस्कृतिगृहांत करतो. एका मुलीला मोटारीत कोंबून परक्या घरी आणतात, पडद्याआड बसवतात. घरातली म्हातारी तिच्या डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल घालते, आणि मुलीने पळू नये म्हणून स्वतः उंबऱ्यावर आडवी पडते. वडीलधाऱ्या माणसाला ओलांडून जायचे नसते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळते. मुलगी उंबऱ्याशी येऊन थांबते. तिथे नाटकही थांबते, आणि एरमेक बाइके लोकांना म्हणतात, "आता काय व्हायला हवं? ज्याला सुचतंय त्यानं हात वर करा, इथं या, ज्याची पाहिजे त्याची जागा घ्या आणि करून दाखवा."

लोक येतात. एका गावात एक ट्रकचालक मुलीच्या बापाची जागा घ्यायला आला. दारापाशी उभा राहिला, त्याला काही बोलता येईना, तसाच खाली उतरला. त्याच आठवड्यात तो शेजारच्या खोऱ्यात जाऊन स्वतःच्या मुलीला परत घेऊन आला. ती मुलगी आता नारीनला शिवण शिकते, मी तिला भेटले आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणी म्हणेल की हे नाटक बंदच करा.

मुलीची जागा घ्यायला बायका येतात, बापाची, भावाची, शेजाऱ्याचीही घेतात. म्हातारीची जागा आजवर कोणी घेतली नव्हती. ती भूमिका झिपारा करते, केसांना पीठ लावून; मुलगी मी करते. रुमाल घातल्यावर म्हातारी दोन्ही तळवे वर करून दुवा देते, तेव्हा ती दुवा पुरी म्हणायची नाही, हा नियम मीच घातला होता. नाटकात दिली तरी दुवा ती दुवाच. झिपारा अर्ध्यावर खोकते आणि हात खाली घेते. बाइके मला हसायचे, "तू चहात साखर घालायचीसुद्धा परवानगी काढशील."

रविवारी आक-बुलुनमध्ये दुसऱ्या रांगेतून एका आजींनी हात वर केला. त्या सालिका आपा.

"म्हातारीची जागा मी घेते. ही पोरगी कसली म्हातारी! कंबर बघा हिची. पीठ लावून म्हातारपण येतं होय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. आम्हाला किती आनंद झाला ते कसे सांगू? एक खरी आजी उठून येते आहे, आता तीच म्हणेल, सोडा पोरीला. आम्ही कितीतरी गावांत याची वाट पाहिली होती. पायऱ्या चढताना त्यांना हात मीच दिला. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि विचारले, "रडून दमलीस का गं?" मी नाटकातल्या मुलीसारखी मान हलवली.

त्यांनी कोटाच्या आतून रुमाल काढला. आमचा नाटकातला रुमाल खुंटीवर होता. हा वेगळा होता, इस्त्रीचा, साबणाचा वास येणारा. तो त्यांनी माझ्या डोक्यावर घातला, मागे गाठ मारली, तळवे वर केले आणि न खोकता पुरी दुवा म्हटली. "उंबरा भरलेला राहो. मुलंबाळं होवोत. दोघं एकमेकांच्या सोबतीनं म्हातारे व्हा. ओमिन."

आख्ख्या सभागृहाने तळवे उचलून चेहऱ्यावरून फिरवले. एरमेक बाइकेंनी फिरवले. झिपाराने फिरवले. मीही फिरवले. माझे हात वर गेले, चेहऱ्यावरून खाली आले आणि माझ्या तोंडून "ओमिन" निघाले. जेवण झाले, प्रवासाला निघालो, मेंढी कापली की मोठ्यांनी तळवे उचलले म्हणजे आपले उचलायचे, हे आम्ही बोलायच्या आधी शिकतो. हातांना काही विचारावे लागत नाही. अजूनही मी हे वाक्य वाचते आणि माझेच हात मला परके वाटतात.

मग सालिका आपा वळून म्हणाल्या, "कुबात, ऊठ रे. पोरीला घरी चल म्हण."

तिसऱ्या रांगेतून एक उंच मुलगा उठला. त्याच्या हातात अर्धा खाल्लेला सामसा होता. आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी माझ्यावर गोड गोळ्या उधळल्या. नवरी घरात येते तेव्हा उधळतात तशा. गोळ्या त्यांच्या पिशव्यांत आधीपासून होत्या. म्हणजे त्यांना माहीत होते. नाटकभर त्या माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या, आणि त्यांना माहीत होते.

मी बाजूच्या दाराने बाहेर गेले. रुमाल डोक्यावर तसाच होता, तो काढायचे मला सुचलेच नाही. गावाने मला रुमाल घालून बाहेर पडताना पाहिले, काहींनी फोनवर चित्रणही केले. तो मी गाडीत बसल्यावर काढला. एरमेक बाइके पुढच्या सीटवरून म्हणत होते, "असं कधी झालंच नव्हतं! काय ताकदीचा खेळ झाला आज!" मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि नारीन येईपर्यंत ते समोरच बघत राहिले.

कलम ३. दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा अंगणात सालिका आपांच्या घरून आणलेली मेंढी बांधलेली होती. मुलगी नेल्यावर तिच्या आईबापांचा राग दाबायला येतात, तसे ते आले होते. माझा राग दाबायला नव्हे, मला कोणी नमस्कारापलीकडे काही बोलले नाही. आईसमोर सालिका आपा बसल्या होत्या आणि आई त्यांना चहा ओतत होती. वाडगा भरून दिला की पाहुण्याने उठायचे असते. आई थोडा थोडा ओतत होती.

मी म्हटले, "सालिका आपा, तुम्ही मला फसवलंत."

"मी? यांनीच बोलावलं. हात वर करा म्हणाले, केला. जागा घ्या म्हणाले, घेतली. करून दाखवा म्हणाले, दाखवलं. आणि ओमिन काय मी एकटीनं म्हटलं?"

"ते नाटक होतं."

"मलाही असाच घातला होता, पोरी. मी मेले का? तू गुडघे मोडून नीट बसतेस, चहा सांडत नाहीस, रडतेस तेसुद्धा बेतानं. माझा कुबात गरीब स्वभावाचा आहे, त्याला स्वतःहून बायको शोधणं या जन्मात जमायचं नाही."

मी रुमाल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात पाठीमागे घेतले. घातलेला रुमाल घरात बसून परत घेत नाहीत म्हणाल्या. "परत द्यायचाच असेल तर जिथे घातला तिथे येऊन दे. मी उंबऱ्यावर आडवी होते. मला ओलांड आणि जा."

ते गेल्यावर आई म्हणाली, "रुमाल पडला, ओमिन झालं. आता काय उरलं?"

"आपा," मी म्हटले, आईलाही आम्ही आपाच म्हणतो, "नाटकात झालं ते."

"हात नाटकातले होते का?"

मी पोलीसचौकीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "नाटकात घडलं म्हणता, मग तक्रार कसली लिहू? तिकीट होतं का नाटकाला?"

येत्या शनिवारी आमची मंडळी पुन्हा आक-बुलुनला जाणार आहे. जिथे थांबलो तिथून सुरू करणार. मी उंबऱ्याशी उभी राहणार, रुमाल हातात घेऊन. सालिका आपा येणार, त्यांनी निरोप पाठवला आहे. वडीलधाऱ्याला ओलांडणारी मुलगी वर्ष काढत नाही, असे आमच्याकडे मानतात. मी ते मानते की नाही हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. दिवसा मानत नाही. म्हणून हे लिहिते.

कलम ४. माझा मृत्यू कशानेही झाला तरी मला तेरेक-सायला, माझ्या वडिलांच्या घरातून न्यावे. शोकाचा नमद्याचा तंबू आमच्या अंगणात उभारावा. आक-बुलुनला उभारू नये, आणि त्या घरच्या बायकांनी 'आमची सून' म्हणून माझ्यासाठी आक्रोश करू नये. शेजारीण म्हणून, ओळखीच्या म्हणून रडायचे असल्यास रडावे. माझ्या कबरीवरच्या फळीवर वडिलांचे नाव लिहावे, दुसऱ्या कुठल्याही पुरुषाचे नाही.

कलम ५. घर आईच्या नावावर आहे, त्याबद्दल मला लिहायचा अधिकार नाही. माझी बचत थोडी आहे. ती धाकटी बहीण नाझिकच्या शिक्षणाला द्यावी, अट एकच, की काय शिकायचे ते तिने ठरवावे. वडिलांचा कोमुझ तिलाच. त्याची मधली तार ओढून लावू नये, तुटते. माझा निळा कोटही तिला, तो ती आत्ताच घालून फिरते आहे आणि मला दिसत नाही असे समजते.

कलम ६. नाटकातला लाकडी उंबरा मी स्वतः रंगवला आहे. तो, पडदा आणि नाटकातला खुंटीवरचा रुमाल एरमेक बाइकेंना. "ताकदीचा खेळ" हे शब्द मी त्यांना माफ केलेले नाहीत. पण बुधवारी ते आमच्या घरी आले, टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शनिवारी तू नको येऊस. झिपारा करेल मुलगी." मी म्हटले, "रुमाल झिपाराच्या डोक्यावर नाही घातलेला, बाइके." ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतोय. मला झोप लागत नाहीये गं." यासाठी मी अर्धे माफ करते. उरलेले शनिवारनंतर बघू, मी असले तर.

कलम ७. कुबातला मी काही ठेवत नाही, पण त्याच्याबद्दल खोटे पसरू नये म्हणून लिहिते. त्याने फोन केला होता. म्हणाला, "आजीनं फक्त एवढंच सांगितलं, चांगला शर्ट घाल, नाटक आहे. मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटले, "मग तिला सांग ना तसं." मग म्हणाला, "तू आलीस तर मी तुला कधी त्रास देणार नाही." हे त्याने चांगुलपणाने म्हटले, आणि त्या चांगुलपणाचीच मला भीती वाटली. त्याला मी वाईट म्हणत नाही. त्याचे काय करावे हे मला ठरवता आलेले नाही, म्हणून या कलमात पुढे काही लिहीत नाही.

कलम ८. गोळ्या आणणाऱ्या पुढच्या रांगेतल्या बायकांना माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अवश्य बोलवावे. चांगले वाढावे, मांसाचा चांगला तुकडा द्यावा. जेवून झाल्यावर नाझिकने त्यांना विचारावे, गोळ्या कोणत्या दुकानातून घेतल्या आणि केव्हा. बस, एवढेच विचारावे. उत्तराची वाट पाहावी.

कलम ९. 'उंबरा' नाटक चालू ठेवावे. मी असो वा नसो. आधी या कलमात मी लिहिले होते की म्हाताऱ्या बायकांना यापुढे मंचावर घेऊ नये. ते खोडले आहे, खोडलेले दिसते आहे, दिसू द्यावे. सालिका आपांनी आमचा नियम मोडला नाही. आम्ही कोणीही या म्हटले आणि त्या आल्या. आम्हाला वाटत होते की जो येईल तो आमच्याच बाजूने येईल, हे आमचे चुकले. दार उघडे ठेवायचे तर त्यातून त्याही येणार. त्यांना न घेता हे नाटक करायचे असेल तर ते नारीनच्या मोठ्या सभागृहात तिकीट लावून करावे, तिथे सगळे टाळ्या वाजवतात आणि कोणाचे काही बदलत नाही.

मात्र एक गोष्ट नाटकात वाढवावी. म्हातारी तळवे उचलते तेव्हा दुसऱ्या कोणीतरी खेळ थांबवावा आणि मुलीला तिचे नाव घेऊन विचारावे, तुला इथे राहायचे आहे का? ती बोलेपर्यंत थांबावे. कितीही वेळ लागला तरी. तिचे हात वर गेले म्हणून होकार धरू नये.

कलम १०. सालिका आपांचा रुमाल मी परत करण्याआधी मेले, तर नाझिकने तो धुऊन, इस्त्री करून त्यांच्या घरी पोचवावा. जाळू नये, फाडू नये, चिखलात टाकू नये. त्यांच्या डोक्यावर तसा रुमाल कसा आला हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितले आणि पुढे चहा मागितला. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कलम ११. माझ्या पगारातून घेतलेली तांबडी गाय आईला.

कलम १२. कलम ११ रद्द. कारण असे. साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. एक साक्षीदार शेजारचे पशुवैद्य सातार बाइके. दुसरी माझी मैत्रीण नुरझात ठरली होती. आज सकाळी तिने निरोप पाठवला, नवरा नको म्हणतो. दुपारी मी हे कागद टेबलावर ठेवून तोंडाला हात लावून बसले होते. आई कणीक मळत होती. तिने हात पुसले, समोर बसली आणि सगळे वाचले, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

शेवटी म्हणाली, "गाय मला ठेवलीस?"

"हो, आपा."

"दुसरी सही कोणाची?"

"कोणी मिळत नाहीये."

"मी करते."

"तुम्हाला गाय मिळतेय. ज्याला मिळतं त्याला सही करता येत नाही."

आई दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग गाय काढ."

"आपा, दुधाचं काय..."

"काढ म्हणते ना. नाझिकच्या नावावर कर. ती काय एकटी पिणार आहे एवढं दूध?"

म्हणून तांबडी गाय नाझिकला. आईला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. ती पुढे म्हणाली, "सहीबरोबर दोन ओळी लिहिल्या तर चालतात का?" मी म्हटले, नमुन्यात तशी जागा नाही, पण मनाईही नाही. तिने पेन घेतले आणि मला बाहेर जाऊन गाय बांधायला सांगितले. गाय बांधलेलीच होती. तरी मी गेले.

वरील मजकूर माझा आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे.

स्थळ: तेरेक-साय. दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९, गुरुवार.

लिहून ठेवणार: बेकबोलोत किझी कनिशाय (सही)

साक्षीदार: सातार, पशुवैद्य (सही). सगळे वाचले. मुलगी भानावर आहे, जरा जास्तच.

साक्षीदार: तुर्दाकुन किझी बुरुल, कनिशायची आई (सही). माझी मुलगी अविवाहित आहे. बेकबोलोतच्या आईनं माझ्यावर रुमाल घातला तेव्हा ओमिन मीही म्हटलं होतं. तो होकार नव्हता.